आमच्या घरातली १९७ वाली बाई

आधीच सांगून टाकते, ह्या पोस्टमध्ये सासऱ्यांच्या तब्येतीचा विषय येणार आहे आणि तो त्यांना विचारून लिहिलाय. त्यांनी कच्चं लिखाण वाचलं, एक वाक्य काढायला लावलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि "बाकी असू दे" म्हणाले.

तर आमच्या चिंचवडच्या घरात टीव्हीच्या मागच्या फळीवर एक काळा डबा आहे. म्हणजे मुळात तो कुठल्यातरी ऑफिसातून बाद झालेला मिनी पीसी, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, तपकीर गल्लीत साडेआठ हजाराला मिळालेला. दुकानदार नऊच्या खाली येत नव्हता, मग मी पर्सची चेन लावून निघाल्यासारखं केलं, आला खाली. "डबा" हे नाव सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं, ही वस्तू दिवसरात्र नुसती मिणमिणते, स्वतः काही दाखवत नाही, आणि बंद पडली की मात्र घरातलं सगळं बंद पडतं, मग डबाच ना तो. सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, पहिला प्रश्न होता वीज किती खातो. मी बारा वॉट म्हणाले, त्यांनी तोंडातल्या तोंडात हिशोब केला, "महिन्याला पावणेनऊ युनिट", आणि पुढचं बिल आल्यावर खरंच चष्मा लावून पडताळलं. भोसरीच्या कंपनीत मेंटेनन्सला तीस वर्षं काढलेला माणूस आहे, मीटरशिवाय कशावर विश्वास नाही.

सुरुवात झाली फोटोंपासून. १ जून २०२१ ला गूगल फोटोजनं फुकटचं अमर्याद अपलोड बंद केलं आणि मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबीत बसवायची वेळ आली, ते आठवतच असेल. मी बाकीच्यांसारखेच मुकाट्यानं पैसे भरले. पैशाचं काही नाही, वर्षाला दोन वेळच्या हॉटेलिंगएवढे सुद्धा नव्हते. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक बातमी आली होती, सॅन फ्रान्सिस्कोतला एक बाप, छोट्या मुलाला खाली सूज आली म्हणून डॉक्टरला पाठवायला त्यानं फोटो काढला, तो आपोआप गूगलवर चढला, मशीनला वाटलं हे बालशोषण, आणि अकाउंट बंद. पोलिसांनी तपास करून ह्यानं काही गुन्हा केला नाही असं लिहून दिलं तरी अकाउंट परत नाही. मेल, कॉन्टॅक्ट, मुलाचे सगळे फोटो, फोन नंबरसुद्धा गेला कारण फोनची सेवाही त्यांचीच होती. मी ती बातमी वाचली आणि माझ्या फोनमध्ये बघितलं, लेकीच्या अंगावरच्या पुरळाचे डॉक्टरला पाठवलेले सात फोटो होते. कोणी माझ्यावर नजर ठेवून आहे असं काही मला वाटलं नाही, पण आपलं सगळं ज्या घरात ठेवलंय त्याची किल्ली आपल्याकडे नाही आणि दार कधी लागेल ते सांगायला समोर माणूससुद्धा नाही, हे तेव्हा पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

मग गूगल टेकआउट, म्हणजे गूगलवरचं आपलं सगळं उतरवून घ्यायची सोय. ज्यांनी केलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. झिपांचा ढीग येतो, लिंक आठवड्याभरात मरते, आमचं नेट रात्री दोनला दमतं, आणि व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोंच्या पोटात तारीख नसतेच, ती शेजारच्या जेसन फाइलीत असते, म्हणजे नुसते फोटो उचलून टाकले की २०१६ चं बारसं आणि परवाची मिसळ एकाच दिवशी. इमिच-गो नावाचं एक टूल आहे ते ह्या फाइली जुळवून देतं, त्याचे उपकार. इमिच म्हणजे गूगल फोटोजसारखंच दिसणारं, पण आपल्या डब्यावर चालणारं. मी टाकलं तेव्हा त्याच्या पानावरच लिहिलेलं होतं की बाबांनो काम चालू आहे, फोटो ठेवायची ही एकमेव जागा करू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये २.० आलं आणि आता ते स्वतःला स्टेबल म्हणवतात.

चेहरे ओळखायचं काम ते डब्यावरच करतं, बाहेर काही पाठवत नाही. त्यामुळे पहिल्यांदा दोन दिवस दोन रात्री डबा इतका तापला की सासूबाई त्यावर दूध कोमट करायला ठेवू का विचारत होत्या. आणि दोन दिवसांनी "माणसं" ह्या पानावर काय आलं, तर लेक, नवरा, आई, बाबा, मी, आणि सहाव्या नंबरला गौरी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा वेगवेगळ्या नाही, दोघींची मिळून एकच बाई, कारण मुखवटे एकाच साच्यातले. नऊ वर्षांच्या गौरींचे एकशेचाळीस फोटो, दरवर्षी साडी वेगळी, चेहरा तोच, मशीन म्हणतंय ही कोण, नाव द्या. सासूबाईंनी फोन हातात घेतला, पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत, २०१७ पासूनच्या सगळ्या साड्या बघितल्या, आणि कुठली कुणाला दिली ते सांगत बसल्या. डब्याला घरात जागा मिळाली ती त्या दिवशी. (मराठीत शोधायचं असेल तर सर्चचं मॉडेल बदलून बहुभाषिक टाकावं लागतं, मूळचं इंग्रजीच समजतं. आता "मोदक" टाकलं की मोदक येतात, "पुरणपोळी" टाकलं की पोळी, पराठा आणि एकदा सीलिंग फॅन.)

पुढचा नंबर पाय-होलचा. हे नाव मराठी घरात घेऊ नये. "पायाला होल?" "कुणाच्या?" हा विनोद आमच्याकडे एक महिना चालला.

बाबांना मी ते असं समजावलं. जुन्या काळी आपण १९७ ला फोन लावून नंबर विचारायचो ना, अमुक डॉक्टरांचा नंबर द्या, ती बाई द्यायची, मग आपण तो फिरवायचो. इंटरनेटवर तसंच आहे. फोनला किंवा टीव्हीला साइटचं नुसतं नाव माहीत असतं, नंबर माहीत नसतो, तो आधी डीएनएसला विचारतो. तुम्ही पुढं डॉक्टरांशी काय बोललात ते १९७ वाल्या बाईला कळत नाही, पण कुणाचा नंबर मागितला आणि किती वाजता मागितला हे बरोबर कळतं. एरवी ही बाई आपल्या नेटवाल्याची असते. पाय-होल म्हणजे ती बाई आपण घरात आणून बसवायची, आणि तिला सांगून ठेवायचं की ह्या ह्या नावांचा, जाहिरातवाल्यांचा, पाळत ठेवणाऱ्यांचा नंबर कुणी मागितला तर "असा नंबर नाही" म्हणायचं. बाबा म्हणाले, "मग ती तरी नंबर कुठून आणते?" शंभर टक्के बरोबर प्रश्न. ती वरच्या कुणाला तरी विचारते, म्हणजे एकाची नजर चुकवून दुसऱ्याच्या दारात. त्याला अनबाउंड नावाचा उपाय आहे, तो थेट मुळापासून, रूट सर्व्हरपासून विचारत खाली येतो, मी तो बसवला. तरी ते विचारणं साध्या मजकुरात जातं आणि मधल्या नेटवाल्याला बघायचं म्हटलं तर बघता येतंच. शंभर टक्के लपणं नाहीच ह्यात.

नेटवाल्याच्या राउटरमध्ये डीएनएस बदलायची सोयच नव्हती, पान होतं पण राखाडी. कस्टमर केअरला फोन केला तर "मॅडम एकदा रीस्टार्ट करून बघा". मग राउटरचं डीएचसीपी बंद करून ते कामही डब्यावर घेतलं. म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूला पत्ता देणारीही मीच आणि नंबर सांगणारीही मीच.

पहिल्या रात्रीचं मला अजून आठवतं. सकाळी चहा घेत डॅशबोर्ड उघडला, सगळ्यात जास्त बडबड कुणाची, तर टीव्हीची. टीव्ही बंद होता. रात्री अकरा ते सकाळी सहा, चारशेच्या वर क्वेरी, म्हणजे चारशेच्या वर वेळा नंबर विचारणं. बंद टीव्ही रात्रभर अंधारात कुणाला तरी फोन लावतोय हे चित्र डोळ्यासमोर आलं आणि चहा गार झाला. थोडं खरं सांगायचं तर ह्यातल्या बऱ्याच क्वेरी माझ्यामुळेच होत्या, कारण नंबर दिला नाही की यंत्र हट्टानं परत परत विचारत राहतं, त्यामुळे आकडा फुगतो. पण टीव्ही बघतात हे खरंच आहे, पडद्यावर काय चाललंय त्याचे ठसे घेऊन ओळखायचं तंत्र आहे, एसीआर म्हणतात. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीनं १ कोटी १० लाख टीव्हींवर न विचारता हे केलं म्हणून २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेलात तर तुमच्याकडेही ते कुठेतरी चार पायऱ्या आत, भलत्याच गोंडस नावानं असेल. बंद करा. त्याला डबा लागत नाही.

यूट्यूबच्या जाहिराती मात्र जात नाहीत, कारण व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घरातून येतात. हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग एवढा खटाटोप कशाला केलास?"

गुरुवारी आमच्याकडे मेंटेनन्ससाठी लाइट जाते, पिंपरी-चिंचवडला हे पाठच आहे. इन्व्हर्टरवर राउटर होता, डबा नव्हता. म्हणजे वायफाय फुल, नेट शून्य, कारण १९७ वाली बाई अंधारात. नवरा मीटिंगमध्ये, लेक ऑनलाइन क्लासमध्ये, मी ऑफिसात, आणि फॅमिली ग्रुपवर एकाच वेळी चार जणांचे मेसेज. शिवाय लाइट आली-गेली आली-गेली असं तीनदा झालं आणि इमिचचा डेटाबेस उठेना. त्या रात्री मी अडीच वाजेपर्यंत जागी होते आणि मनात सारखं येत होतं की महिन्याचे शंभर-सव्वाशे रुपये भरून गप झोपले असते की. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरची वायर ओढून घेतली.

बाहेरून घरच्या डब्यापर्यंत पोचायचा प्रकार थोडक्यात सांगते, कारण ह्याचं रडगाणं सगळ्यांनी गायलेलं आहे. राउटरवर बाहेरचा पत्ता बघितला, १०० नं सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट, म्हणजे अख्ख्या गल्लीला मिळून एक पत्ता, बाहेरून तुमच्या दाराची बेल वाजवायची सोय नाही. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे आपल्या एकट्याच्या कायमच्या पत्त्याचे, वेगळे पैसे. मग टेलस्केल टाकलं, ते आपली यंत्रं कुठेही असली तरी आपापसांत खासगी वाटेनं जोडून देतं, दहा मिनिटांत झालं. आतून ते वायरगार्ड आहे, म्हणजे वाट कुलूपबंद करायचं तंत्र, मजकूर त्यांना वाचता येत नाही, पण कुठलं यंत्र कुणाचं आणि कुठे आहे त्याची वही टोरांटोच्या त्या कंपनीकडे असते. ती वहीसुद्धा घरी ठेवायची असेल तर हेडस्केल आहे. मी नाही केलं. कुठेतरी थांबावं लागतं, नोकरी आहे, मूल आहे.

आणि बॅकअप माहेरी. हे मी हट्टानं केलं. माझं माहेर सांगलीचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आईनं लग्नाचा अल्बम उघडला तर पानं एकमेकांना चिकटलेली, सोडवायला गेलं की माणसांचे चेहरेच निघून यायचे. जे थोडे फोटो वाचले ते माझ्या भावानं आधी कधीतरी मोबाइलवर काढून ठेवलेले, म्हणजे गूगलवर होते म्हणून वाचले. हे मी विसरत नाही. क्लाउडला शिव्या घालणाऱ्यांनी एकदा पूर बघावा. म्हणून तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. आता आईकडे वरच्या मजल्यावर, जुन्या शिलाई मशीनच्या खणात एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, आणि दोन टीबीची डिस्क आहे, रोज पहाटे तीनला रेस्टिक नावाचं बॅकअपचं टूल चिंचवडहून सांगलीला काय नवीन आहे तेवढं पाठवतं, एन्क्रिप्ट करून. ती डिस्क कुणी उचलून नेली तरी त्याला नुसता कचरा दिसेल. पासवर्ड मी कागदावर लिहून गोदरेजच्या कपाटात एफडीच्या पावत्यांबरोबर ठेवलाय, कारण तो हरवला तर मलाही कचराच.

हे सगळं करून मी फार खूश होते. ऑफिसात लोकांना सांगायचे, आमच्या घरचं आता कुणाला काही दिसत नाही.

मग एका मंगळवारी संध्याकाळी सासूबाईंच्या बँकेचं अॅप उघडेना. अशा वेळी पाय-होलचा क्वेरी लॉग उघडायचा, त्यांच्या फोनची ओळ निवडायची, कुठलं नाव अडलंय ते बघायचं, सोडून द्यायचं, दोन मिनिटांचं काम. मी फोन निवडायला विसरले. अख्ख्या घराचा लॉग उघडला, आणि कालच्या रात्रीपर्यंत खाली गेले तर २ वाजून ४१ मिनिटं, बाबांचा टॅब. एका पॅथॉलॉजी लॅबचं नाव. मग एक साइट, जिच्या नावातच प्रोस्टेट होतं. मग यूट्यूब. मग परत तीच साइट. ३ वाजून १० मिनिटांनी परत.

डीएनएसमध्ये पान दिसत नाही, नुसतं नाव दिसतं, हे मीच त्यांना समजावलं होतं. नुसतं नाव पुरलं.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पण मग मी बाबांचा टॅब निवडला आणि मागे गेले. हे चुकून नाही झालं, मी बघितलं. परवा रात्री, तेरवा रात्री. पाय-होल डिफॉल्टनं महिनोन्महिन्यांचा लॉग ठेवतं, मी कधी विचारच केला नव्हता की कशाला ठेवतंय. अकरा रात्री मोजल्या. पहिल्या रात्री फक्त लॅबची साइट होती, म्हणजे रिपोर्ट आलेला असणार. आणि त्या अकराही सकाळी हा माणूस आम्हा सगळ्यांच्या आधी उठून, दूध आणून, पेपर वाचत बसलेला मी बघितलाय.

कुणाला सांगू? नवऱ्याला सांगावं तर "तुला कसं कळलं", आणि मुळात ते सांगायचा हक्क माझा नाही. सासूबाईंना तर नाहीच. बाबांना विचारावं तर काय तोंडानं विचारू, की बाबा तुम्ही रात्री दोन वाजता काय शोधता ते मी बघितलं? चार दिवस काढले. रात्री बाथरूमचा दिवा लागला की मला जाग यायची, मी मोजायचे, कितव्यांदा. एकाच छताखाली एक माणूस एकटा घाबरलाय आणि दुसऱ्याला ते माहितीये आणि दोघं संध्याकाळी समोरासमोर बसून शेंगा सोलतायत, ह्याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

शनिवारी ते टॅब घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "अगं, हे पीडीएफ उतरत नाहीये, जरा प्रिंट काढून देशील? डॉक्टरांना दाखवायचंय." पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट. मी म्हणाले, "अय्या, हे कधी केलंत? आणि बोलला नाहीत ते?" हात गालाला वगैरे. प्रिंट काढली. त्यांनी ती चौकोनी घडी करून खिशात ठेवली, आणि म्हणाले आत्ताच कुणाला बोलू नकोस, मीच सांगतो. रात्री जेवताना त्यांनीच सांगितलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले वयानुसार ग्रंथी वाढलीये, गोळी घ्या, सहा महिन्यांनी परत तपासू. सुटलो.

पण मला ते "अय्या" काही सुटेना.

मी एक दिवस बसून लिहूनच काढलं की घरातल्या कुणाचं काय काय मला दिसू शकतं. व्हॉल्टवॉर्डन, म्हणजे पासवर्डची तिजोरी, त्यातलं मला काहीच दिसत नाही, ज्याच्या त्याच्या मुख्य पासवर्डनं फोनवरच कुलूप लागून येतं, सर्व्हरवर नुसती कुलूपबंद पेटी. हे ज्यांनी बनवलं त्यांनी गृहीतच धरलंय की सर्व्हर चालवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि बरोबर धरलंय. इमिचमध्ये अॅडमिनला दुसऱ्याचे फोटो अॅपमधून दिसत नाहीत, पण डिस्कवर ते साधे फोटो म्हणून पडलेले असतात, फोल्डर उघडलं की झालं, म्हणजे मला दिसत नाहीत असं नाही, मी बघत नाही एवढंच. जेलीफिन सिनेमाचं, तिथे कोण काय बघतोय आणि कुठे अर्धवट सोडलं ते दिसतं. आणि पाय-होल, सगळ्यांचं सगळं, तारीखवार. म्हणजे सांगलीच्या डिस्कवर चोरापासून वाचायला एवढं एन्क्रिप्शन लावलं आणि इथे घरच्यांची रात्रीची वही उघडी. नेटवाल्याला आमच्या बाबांचं नावही माहीत नाही, त्याला आमचं घर म्हणजे एक ग्राहक क्रमांक. मला बाबा माहीत आहेत. तीच क्वेरी त्याच्याकडे एक ओळ होती आणि माझ्याकडे झोप उडवणारी गोष्ट. १९७ वाली बाई अनोळखी होती म्हणून चालून जायचं, ती सून निघाली की प्रकार वेगळा.

कायद्याचं म्हणाल तर मी मोकळी आहे. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, त्यातून फिरत फिरत २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आला, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे नियम आले. त्यात कंपन्यांनी नोटीस मराठीतसुद्धा द्यायची सोय ठेवायची आहे, मुलांवर पाळत ठेवायला बंदी आहे, बरंच काही आहे. पण एखादी व्यक्ती घरगुती कामासाठी जे करते त्याला हा कायदा लागूच नाही, कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. आणि तसंच असायला हवं, घराघरात कोण तपासणार. पण त्यामुळे नोटीस देणारी मीच, संमती मागणारी मीच, आणि मी ती कुणाकडेच मागितलेली नव्हती. डबा काय करतो हे सगळ्यांना सांगितलं होतं, डब्यात मला काय दिसतं हे नाही.

लेकीचं वेगळंच. ती तेरा वर्षांची. हे सगळं झाल्यावर घरात सगळ्यांना बसवून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझं तुला मार्चपासून दिसत नाहीये." फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएसचं सेटिंग असतं, तिनं तिथे भलताच पत्ता टाकून आमच्या बाईला केव्हाच वळसा घातलेला. मी रागावायचा प्रयत्न केला, जमला नाही फारसा. नवरा काही बोलला नाही पण त्यानं त्या रात्रीपासून बेडरूममध्ये मोबाइल डेटा वापरायला सुरुवात केली. मी कारण विचारलेलं नाही.

पाय-होलमध्ये प्रायव्हसीच्या चार पायऱ्या असतात, शून्य म्हणजे सगळं दाखवा, एक म्हणजे साइटची नावं लपवा, दोन म्हणजे नावंही लपवा आणि कुठल्या यंत्रानं विचारलं तेही, तीन म्हणजे काही नोंदवूच नका, नुसते एकूण आकडे. मी तीनवर नेलं आणि जुन्या नोंदींची फाइल उडवली. हे सेटिंग पहिल्या दिवसापासून तिथेच होतं, मी त्यावरून दहादा गेले असेन.

तोटा आहेच. आता सासूबाईंचं अॅप अडलं की कशानं अडलं ते कळत नाही, आंधळी कोशिंबीर. म्हणून एक पद्धत काढलीये, लॉग चालू करायच्या आधी फॅमिली ग्रुपवर टाकायचं, "आज संध्याकाळी ७ ते ७:१५ दुरुस्तीसाठी लॉग चालू राहील, कृपया नोंद घ्यावी." सोसायटीत पाणी बंदची पाटी लागते ना, तशी. पहिल्यांदा सगळे हसले. आता सासूबाई उलट मेसेज करतात, "७:३० नंतर चालू कर, मला वहिनींसाठी एक बघायचंय." काय बघायचंय ते मी विचारत नाही.

सहा महिने झाले आणि बाबांची परत तपासणी आली. आदल्या दिवशी मी आणि ते टेरेसवर कुरडया वाळत घालत होतो, सासूबाई खाली. मी पाटावर प्लास्टिक ताणून धरलेलं आणि ते एकदम म्हणाले, "काय गं, त्या डब्यात आधी सगळं दिसायचं म्हणालीस ना तू. म्हणजे माझं पण?"

"दिसायचं," मी म्हणाले. "आता बंद केलंय."

त्यांनी एक कुरडई उचलून नीट गोल केली, बाजूला दगड ठेवला वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"हं. तरीच म्हटलं, प्रिंट काढताना तू रिपोर्ट वाचायच्या आधीच 'अय्या' म्हणालीस."